हे टाईप करायचं नाही

मनीषा,

काल दुपारी तुझा ओंकार दुकानात आला. तुझं तेरावं झाल्यावर पहिल्यांदाच. दाराबाहेर त्याने चपला नीट जोडून ठेवल्या, तेव्हाच मी हातातलं काम बाजूला ठेवलं, कारण तुझ्या पोरांनी माझ्या दुकानात आजवर कधी चपला काढलेल्या नाहीत. कटिंग मशीनशेजारच्या स्टुलावर बसला. ते तुझं स्टूल. तू गेल्यापासून तिथे मी कुणाला बसू दिलेलं नाही, गिऱ्हाइकं बिचारी उभी राहतात. पण त्याला बसू दिलं.

"मावशी, आईच्या 'मध्येच'ची सगळी कात्रणं तुझ्याकडे आहेत ना?" म्हणाला.

आहेत म्हटलं. कपाटातून फाइल काढून दिली आणि कामाला लागल्यासारखं केलं. एका लग्नपत्रिकेतल्या 'चिरंजीव'ची वेलांटी तपासत बसले. 'चिरंजीव'ची वेलांटी मी झोपेतसुद्धा चुकणार नाही. तो वाचत होता. मधूनच हसला, अगदी तुझ्यासारखा, आधी नाकातून आणि मग तोंडाने. सगळं वाचून झाल्यावर त्याने फाइल मिटली, परत उघडली, शेवटचं कात्रण पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "पाचवीपर्यंत आहे मी यात. पुढचा मी कुठेय?"

आता तूच सांग, मी काय उत्तर देणार होते?

तुझ्याशी असं भांडल्यासारखं बोलतेय म्हणून रागावू नकोस. मला दुसरं बोलणं येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी दुसऱ्यांनी लिहिलेलं टाइप करणारी आणि तपासणारी बाई. टाइप, ऱ्हस्व. तू म्हणायचीस टाईप, दीर्घ, आणि हट्टाने लिहायचीसही तसंच. "बोलताना मी ओढते, मग लिहिताना का आखडू?" हा आपला पहिला वाद आणि तो अजून मिटलेला नाही. या मजकुराच्या डोक्यावर तुझं दीर्घ ठेवलंय बघ. बाकी ठिकाणी माझं चालेल. तू नाहीस म्हणून काही मी शुद्धलेखन सोडणार नाही.

पहिल्यांदा दुकानात आलीस ती अजून डोळ्यांपुढे आहे. टपाल नाक्याकडून उन्हातून आली होतीस. कडेवर चिन्मय, ओढणीला लोंबकळलेला ओंकार, खांद्यावर पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी दुधाची बाटली. मला वाटलं, बारशाची पत्रिका असणार. तू म्हणालीस, साप्ताहिकाच्या दिवाळी अंकासाठी ललित लेख टाइप करून हवाय. मी कागद मागितले. तू म्हणालीस, "कागद नाहीत. लिहायला हात कुठे मोकळे आहेत? डोक्यात आहे सगळं. मी सांगते, तुम्ही टाईप करा."

मी आजवर वकील पाहिलेत तोंडी मजकूर सांगणारे. ललित लेख तोंडी सांगणारी तूच पहिली. पण पलीकडे साप्ताहिकाचा माणूस मजकुराची वाट बघत उभा होता, लोडशेडिंगची वेळ होत आली होती, तेव्हा म्हटलं, सांगा पटपट. तू चांदण्यावर सांगायला लागलीस. कोजागरीचं चांदणं, खाडी, मिठागरं, आगराचे बांध. चांगलं सांगत होतीस गं. माझं डोकं बाजूला झालं. टाइप करणाऱ्याचं ते होतंच, नंतर फक्त कान आणि बोटं एकमेकांशी बोलत राहतात. वीज जायच्या आत प्रिंट काढली, प्रूफ न बघता त्या माणसाच्या हातात दिली. प्रूफ न बघता माझ्या दुकानातून बाहेर पडलेला तेवढा एकच मजकूर.

आणि अंकात छापून आलं: 'चांदणं खाडीवर उतरलं होतं आणि भरतीचं पाणी हळूहळू शर्ट तोंडातून काढ आगराच्या बांधाबांधांतून दूध सांडावं तसं तो डिंक आहे डिंक खायचा नसतो पसरत चाललं होतं.'

दिवाळीत तू दुकानात येऊन रडलीस. मी पण तोंड पाडून बसले होते. ओंकार मात्र टेबलाखाली लग्नपत्रिकांच्या कात्रणांचा डोंगर करण्यात गुंग होता, आणि चिन्मय परत डिंकाच्या बाटलीकडे निघाला होता. तेवढ्यात संपादकांचा फोन आला. तू ऐकायलाच तयार नव्हतीस, मीच घेतला. ते म्हणाले, अंकातलं बाकी कुणी काही वाचलेलं दिसत नाही, पण डिंकाचा लेख सगळ्यांनी वाचलाय, बायका घरी येऊन सांगून जातायत. तसलंच दर आठवड्याला द्या. सदराचं नाव 'मध्येच'.

तू डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "मला चांदण्यावर लिहायचं होतं, लोकांना डिंक आवडला." त्या दिवशी आपण दोघी हसलो. पण ते तू गमतीत म्हटलं नव्हतंस, हे मला फार उशिरा कळलं.

मग सुरू झालं आपलं. आठवड्यातून दोनदा तू यायचीस, दुपारी, दोघांना घेऊन. भाऊजींची तळोज्याला शिफ्ट, घरी दुसरं कुणी नाही, पोरांना ठेवणार कुठे? एकाच्या तोंडात केळं कोंबत, दुसऱ्याचं नाक पुसत तू सांगायचीस आणि मी टाइप करायचे. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे आता मला कळायला लागलं होतं. पोरांना दिलेल्या तंब्या ठेवायच्या. शेजारच्या रसवंतीवाल्याला घातलेल्या शिव्या गाळायच्या. वीज गेली की अर्धा लेख जायचा, मग तू मेणबत्तीच्या उजेडात पुन्हा सांगायचीस, आणि तो पहिल्यापेक्षा वेगळाच व्हायचा.

तुला सांगितलं नाही कधी, आता सांगते. मला पोरं नाहीत, संसारच नाही. तुझी होती, आठवड्यातून दोन दुपारी, आणि मला ती पुरायची. ज्या दिवशी तुम्ही येणार असाल त्या दिवशी मी डिंकाची बाटली वरच्या फळीवर ठेवायचे आणि खालच्या खणात राजगिऱ्याचे लाडू. तू जाताना म्हणायचीस, "त्रास झाला ना?" मी म्हणायचे, "झाला. परवा लवकर या."

तुझी दुसरी एक गोष्ट होती, खरी. मिठागरावरच्या बाईची. तिचं पहिलं वाक्य मला पाठ आहे: 'आगराच्या बांधावर बाई उभी होती.' हे वाक्य तू मला किती वेळा टाइप करायला लावलंस याचा हिशेब नाही. वाक्य व्हायचं, तू डोळे मिटायचीस, पुढचं ओठांवर यायचं आणि चिन्मयला शू लागायची. परत आलीस की पुढचं गेलेलं असायचं. मग तू ओंकारने सकाळी काय केलं ते सांगायला घ्यायचीस आणि आठवड्याचं 'मध्येच' होऊन जायचं. मी चिडवायचे, "काय गं, ती बाई अजून उभीच का?" तू म्हणायचीस, "उभी आहे. पाय दुखले असतील तिचे."

मी म्हणायचे, पोरं मोठी झाली की लिही. सगळे हेच म्हणायचे. तू एकदा चिडून म्हणालीस, "पोरं मोठी होईपर्यंत ती थांबेल का? आणि पोरं लहान आहेत तोवर मी दुसरीकडे बघू कशी? मला दोन्ही हवंय, ताई. हे काय जास्त मागणं आहे?" चिन्मय तेव्हा तुझ्या मांडीवर झोपला होता. तुझा एक हात त्याच्याखाली मुंग्या येऊन सुन्न झाला होता आणि दुसऱ्या हाताने तू वाया गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर काहीतरी खरडत होतीस.  

आणि मग ते 'वाढवणं' आलं.

ओंकार बालवाडीत होता. तुझी बांगडी पिचली तेव्हा तू म्हणालीस, "बांगडी वाढवली." नवीन मशीनपुढे मी नारळ वाढवला, तोही त्याने पाहिला. पोराने आपला हिशेब मांडला. दुसऱ्याच दिवशी माझ्या काउंटरच्या काचेवर पेपरवेट आपटला आणि शांतपणे येऊन म्हणाला, "मावशी, काच वाढवली." मी ओरडायला तोंड उघडलं होतं ते हसण्यात गेलं. मग तुमच्या घरात तोच शब्द झाला. कप वाढला, पट्टी वाढली, खिडकी वाढली. तू 'मध्येच'मध्ये सांगितलंस: 'आमच्या घरी मी मुलं वाढवते आणि मुलं कपबशा वाढवतात.' टाइप करताना माझी बोटं थांबली होती. म्हटलं, बाईने काय वाक्य सांगितलंय, आणि ते सांगताना पोराच्या शर्टाची गुंडी लावत होती.

ते वाक्य गावभर झालं. शिरढोणकडचे एक पाटील भावाच्या हळदीची पत्रिका करायला आले होते. तुला बघून म्हणाले, "बाय, तुमीच लिवता काय ते? आमचे घरान सगली वाचतान. मंग तो वाढवनारा पोर ह्योच काय?" ओंकारला जवळ घेऊन गालाला हात लावला त्यांनी. "काय रं वाढव्या, आज काय वाढवलास?" किती प्रेमाने म्हणाले. तू केवढी खूश झालीस. ओंकारही हसला, तेव्हा लहान होता.

त्यांचाच मुलगा पुढे ओंकारच्या वर्गात आला, आणि तोपर्यंत ओंकार लहान राहिला नव्हता. वाढव्या. वर्गात वाढव्या, मैदानावर वाढव्या, फळ्यावर खडूने वाढव्या. बाईंनीसुद्धा एकदा हजेरी घेताना म्हटलं म्हणे, गमतीने. शाळेतून घरी येऊन तो गप्प बसायचा. तू विचारायचीस आणि तो सांगायचा नाही, कारण सांगितलं की ते गुरुवारी छापून येणार हे त्याला ठाऊक झालं होतं.

शेवटी सांगितलं ते इथेच, या दुकानात. पाचवीत होता. आपण दोघी कामात, तो माझ्या मॉनिटरच्या पुढे येऊन उभा राहिला. "आई, माझ्यावर लिहायचं नाही. कध्धीच नाही. चिन्मयवर लिही. तो लहान आहे, त्याला कळत नाही."

"मला कळतं," चिन्मय टेबलाखालून म्हणाला.

तू दोघांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "बरं." एवढंच. त्या आठवड्याचा मजकूर अर्धा झाला होता, तो मला पुसायला लावलास. चिन्मयवर लिहायचं तर मध्ये ओंकार येणारच, म्हणून चिन्मयही बंद. संपादकांना फोन करून सदर थांबवलंस. त्यांना वाटलं, मानधनासाठी रुसलीस.

आपण भांडलो. मी म्हटलं, नाव बदल. दोघांचा मिळून एक मुलगा कर. मुलगी कर, कोण विचारतंय? तू म्हणालीस, शब्द दिलाय. मी म्हटलं, एवढ्याशा पोराला दिलेला शब्द. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "मग कितव्या वर्षापासून धरायचा शब्द?" माझा राग गेला नाही. इतकी वर्षं झाली, मला ते अजून पटलेलं नाही. काल तर अजिबात पटलं नाही.

त्यानंतर तुला वेळच वेळ झाला. पोरं सायकलवर शाळेत जायची, क्लासला जायची. तू एकटी यायचीस, दोन्ही हात मोकळे, आणि स्टुलावर बसून म्हणायचीस, "हां, टाईप कर. आगराच्या बांधावर बाई उभी होती." मी टाइप करायचे. पुढे शांतता. कुणी ओरडत नाही, कुणाला शू लागलेली नाही, डिंकाची बाटली काउंटरवर उघडी. पोरं लहान असताना तुझं वाक्य पुरं व्हायचं नाही. आता पुरं व्हायचं आणि तिथेच बसून राहायचं. तू खिडकीबाहेर बघायचीस. मी पडद्याकडे बघायचे. मला इतकं वाईट वाटायचं की मी उगाचच तुझ्या पूर्णविरामानंतरची जागा कमी-जास्त करत बसायचे.

मग तू हळूच म्हणायचीस, "ओंकारची कालची गंमत सांगू? हे टाईप करायचं नाही हं."

मी की-बोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवायचे. आणि तू सांगायला लागायचीस. काय सांगायचीस तू, मनीषा. ती तुझी सगळ्यात चांगली वर्षं होती आणि त्यातलं एक अक्षर कुठे नाही. तुझ्या तापात त्याने पहिल्यांदा चहा केला, आलं न किसता आख्खं टाकलं आणि वर 'आलं नंतर परत वापरता येईल' म्हणाला, ते. आरशासमोर उभा राहून ओठांवरची लव बोटाने मोजत होता आणि तू दिसताच आरसा पुसायला लागला, ते. आणि कर्नाळ्याचं. मित्रांबरोबर गडावर गेला, काळोख पडायला लागला तेव्हा परत आला, तू बोल बोल बोललीस, तो गप्प. सकाळी दुसऱ्या पोराच्या आईचा फोन आला की माझ्या मुलाचा पाय मुरगळला होता, तुमच्या ओंकारने त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं. तू त्याला विचारलंस, काल का नाही बोललास रे? तो म्हणाला, "तू लिहिलं असतंस."

हे सांगताना तू हसलीस, आणि हसता हसता तुझे डोळे भरले. "बघ ना, मी लिहिलं म्हणून लेकरू मला सांगेनासं झालं, आणि तो सांगत नाही म्हणून मला लिहिता येत नाही. आता यातून वाट कुठली?" असं म्हणालीस, आणि मग आठवणीने, "हे टाईप करायचं नाही."

नाही केलं. तू तुझ्या मोठ्याला दिलेला शब्द मीही पाळला. तुझ्यापुढे दुसरं काय चालायचं माझं?

दवाखान्यात शेवटी शेवटी मी कागद-पेन घेऊन आले होते, तुला आठवतं का माहीत नाही. भाऊजी औषधं आणायला खाली गेले होते. ओंकार पलंगाशी बसून मोसंबी सोलत होता, एकेका फोडीची साल काढून वाटीत ठेवत होता, तू खाणार नाहीस हे माहीत असूनही. मी तुझ्या कानाशी म्हटलं, "ओंकारवर सांग काहीतरी. मी हाताने लिहून घेते." तू त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहिलंस. तुझे ओठ हलले, वाक्य तयार होत होतं, मला ओळखू येतं ते. आणि मग म्हणालीस, "आधी त्याला विचार."

कसं विचारणार होते गं? मोसंबी सोलणाऱ्या पोराला काय म्हणू, तुझी आई चालली आहे, तिला तुझ्यावर लिहायची परवानगी दे? मी कागदाची घडी घातली. थोड्या वेळाने तू म्हणालीस, "ताई, त्या बाईला बसव गं आता कुठेतरी." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तू बोलली नाहीस.

तुला नेलं तेव्हा मी तुमच्या घरीच होते, बायकांमध्ये. सगळे परत आले, अंगणात पाय धुतले. चिन्मय सरळ माझ्याकडे आला, भिजलेल्या पायांनी, आणि सांगितलं, "मावशी, दादाने मडकं वाढवलं." आतल्या खोलीतल्या बायकांनी माना वर केल्या. शुभाचा शब्द पोराने कुठे वापरला होता. मला भीती वाटली, ओंकार आता अंगावर जाईल त्याच्या. इतकी वर्षं त्या शब्दावरून दोघांची मारामारी व्हायची. पण ओंकार दारात उभा होता, आणि म्हणाला, "हो. वाढवलं." मग चिन्मयला टॉवेल दिला.

आणि काल तो तुझ्या स्टुलावर बसून मला विचारत होता, पुढचा मी कुठेय.

मी खरं ते सांगितलं. नाहीस. तूच नको म्हणाला होतास, तिने नाही लिहिलं. तो म्हणाला, "मला वाटलं होतं, लिहून ठेवलं असेल कुठेतरी. घरी सगळं शोधलं मी. कपाट, माळा, गाद्यांच्या खाली. मला वाटलं, आई आहे, ऐकणार थोडीच."

"ऐकलं तिने," मी म्हटलं.

"का ऐकलं?" असं म्हणाला तो. असं विचारतात का कुणी?

मग मी म्हटलं, थांब, लिहिलं नाही पण मला सांगायची. आणि मी कर्नाळ्याचं सांगायला घेतलं. गडावर गेलास, मित्राचा पाय मुरगळला, तू त्याला पाठीवर घेतलंस. मलाच ऐकू येत होतं, पोलिस पंचनामा वाचतोय असं वाटत होतं. तो म्हणाला, "ते मला माहितीय, मावशी. मीच होतो तिथे. आई काय म्हणाली? कशी म्हणाली?" मी तोंड उघडलं आणि मला येईना. तुझा प्रत्येक शब्द मला पाठ आहे आणि तू म्हणायचीस तसा एकही म्हणता येत नाही. मी आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या मनीषा, मला एक ओळ स्वतःची येत नाही. 

त्याने माझा की-बोर्ड स्वतःकडे ओढला. त्याची पद्धत वेगळी, इंग्रजी अक्षरं दाबतो आणि पडद्यावर मराठी उमटतं, शुद्धलेखन देवाच्या भरवशावर. म्हणाला, "तू आईसारखं बसून सांग. मी टाईप करतो."

टाईप म्हणाला. दीर्घ.

मी उठले, त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि तुझ्या स्टुलावर मी बसले. पहिल्यांदाच. तिथून खिडकी दिसते, हे मला माहीत नव्हतं. तू काय बघायचीस ते कळलं. रसवंतीचं चाक आणि मागे थोडंसं आभाळ. मी डोळे मिटले आणि तू मला एक दिवस धावत येऊन सांगितलेलं आठवलं. दारातूनच ओरडली होतीस, "ताई, ओंकारचा आवाज वाढला गं." मला कळेना, भांडला का काय. मग तू सांगितलंस की पोराचा आवाज फुटलाय, सकाळी 'आई' म्हणाला ते दोन आवाजांत म्हणाला, अर्धं तुझ्या बाळाचं आणि अर्धं कुठल्या तरी बाप्याचं, आणि तू वळून बघितलंस की घरात कोण आलं.

मी सांगायला लागले. तो टाइप करत होता. 'आई' या शब्दापाशी त्याची बोटं अडखळली, पण थांबली नाहीत. पडद्याकडे बघत नव्हता, कुठेच बघत नव्हता, नाकातून पाणी ओघळत होतं आणि बोटं चालली होती, कान आणि बोटं, बाकी सगळं बाजूला. मी त्याला थांबवायला गेले. डोळे पूस म्हटलं, पुरे म्हटलं. माझा धीर सुटला होता.

पुढे मला येत नाही, मनीषा. तिथेच अडलंय. तुझी बाई अजून बांधावर उभी आहे, तिलाही मला बसवता आलेलं नाही. संध्याकाळी ओंकार गेल्यावर मी पडद्यासमोर बसले, सवयीने हात चुका काढायला गेला. तिथे एवढंच होतं:

'ओंकारचा आवाज वाढला त्या सकाळी तो आई म्हणाला ते दोन आवाजात म्हणाला आधी डोळे पूस बघू रुमाल नाही का रे तुझ्याकडे पुरे आता हे टाईप करायचं नाही'

तसंच ठेवलंय. दीर्घसुद्धा.